गव्हाची रांग, ज्वारीची रांग

आमच्या दादूला रांगेत उभं राहायला शिकायला चौदा महिने लागले आणि रांग सोडून पुढे जायला शिकायला त्यानंतर वेगळे सात. दुसरं काम पहिल्यापेक्षा जड जाईल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते, कारण रांग मोडायला आपल्याकडे कुणाला शिकवावं लागतं का, ते तर जन्मतःच येतं. पण झालं तसंच. बऱ्याच आईबाबांनी विचारलं की तुम्ही त्याला बाहेर कसं काय नेता, म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकते, नीट म्हणजे मला जमेल तेवढं नीट.

दादू आता दहा वर्षांचा आहे. तीन वर्षांचा असताना ऑटिझम कळला. मराठीत स्वमग्नता म्हणतात, मला तो शब्द फारसा पटत नाही, कारण आमचं पोरगं स्वतःत मग्न वगैरे काही नसतं, उलट आजूबाजूचं सगळं एकाच वेळी त्याच्या अंगावर येतं, ट्यूबलाइटची गुणगुण, शेजारच्या बाईंचा सेंट, शर्टाच्या कॉलरमधलं लेबल, सगळं. बोलतो थोडं. दोन-तीन शब्दांत काम भागवतो, आणि ते शब्द अगदी मोजून वापरतो.

सुरुवात फुलराणीपासून करते. पुण्यातल्या लोकांना सांगायला नको, पेशवे पार्कातली छोटी झुकझुक गाडी, १९५६ पासूनची, दादूचा बाबा लहानपणी तिच्यात बसलेला आणि त्याची फार इच्छा की दादूनेही बसावं. २०१९ ची दिवाळीची सुट्टी, दादू साडेचार वर्षांचा, रविवार संध्याकाळ. आता विचार केला तर यातली एकही गोष्ट आम्ही बरोबर केली नव्हती. रांग ही एवढी मोठी, आणि गाडी दर फेरीला आमच्या समोरून जायची. तुम्ही जरा त्याच्या जागी उभं राहून बघा. गाडी दिसतेय. आईने सांगितलंय आपण गाडीत बसणार. गाडी येते, थांबते, दुसरी मुलं बसतात, गाडी जाते, आणि आई आपला हात घट्ट धरून म्हणते “थांब हं, आत्ता.” परत गाडी येते, परत तेच. आत्ता म्हणजे काय? तिसऱ्या फेरीला त्याने स्वतःला जमिनीवर टाकलं आणि डोकं आपटायला लागला. बाबाने त्याच्या डोक्याखाली स्वतःचा हात घातला, तो हात सोलवटला. मागच्या बाई त्यांच्या नवऱ्याला, मला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात, म्हणाल्या, “लाडावून ठेवतात आणि मग बसतात रडत.” शेवटी बाबाने त्याला खांद्यावर टाकलं आणि आम्ही सारसबागेच्या बाजूने रिक्षा करून घरी आलो. त्यानंतर सहा महिने आम्ही त्याला थेरपी सोडून कुठेच नेलं नाही. लग्नं, बारशी, सगळीकडे मी नाहीतर बाबा, कुणी एक जण जायचं आणि लवकर निघायचं.

आणि मग लॉकडाऊन आला.

हे म्हणायला बरं वाटत नाही, पण २०२० च्या त्या लॉकडाऊनने आमचं एक काम केलं. आमच्या बाल्कनीतून समोर डेअरी दिसते. अंतर ठेवायचं म्हणून दुकानांबाहेर पांढरी वर्तुळं काढली होती, आठवत असेल. दुधाच्या वेळेला माणसं त्या वर्तुळांत उभी राहायची, पुढचा दूध घेऊन गेला की सगळे एकेक वर्तुळ पुढे. दादू रोज सकाळी सात वाजता ग्रिलला नाक लावून ते बघायचा. तासभर. मी आधी लक्षच दिलं नाही, मला वाटलं बघतोय रस्ता. मग एक दिवस एक काका एक वर्तुळ सोडून थेट पुढच्यात गेले आणि दादू वरून ओरडला, “नाही!” त्याच्या तोंडून इतकं स्पष्ट “नाही” मी तोवर ऐकलेलं नव्हतं.

ओटीच्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या, ताईंना व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर त्या एकदम खूश झाल्या. म्हणाल्या, अहो त्याला थांबायचा त्रास नाहीये, रांग दिसत नाही हा त्रास आहे. शेवट कुठे, मी आत्ता कुठे आणि पुढे सरकलो की नाही, हे आपण अंदाजाने धरतो, त्याला ते जमिनीवर काढून दाखवावं लागेल. वर्तुळांनी ते दाखवलंय. मला त्या दिवशी फुलराणीची रांग आठवून रडू आलं, कारण तिथे मी त्याला पंचवीस मिनिटं नुसतं “आत्ता, आत्ता” करत होते.

मग आमच्या पॅसेजमध्ये वर्तुळं आली. सासूबाईंनी रांगोळीने काढली, पाच, पहिल्या दिवशी हौसेने मध्ये कमळंही भरली, ती दादूने बसून एकेक बोटाने पुसली आणि मग नुसती वर्तुळं राहिली. शेवटचं वर्तुळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, आणि उंबऱ्यापलीकडे आजी गॅसवर धिरडी घालतेय. रांगेत टेडी, मग बाबा, मग दादू, मग मी. धिरडं झालं की पहिल्याला मिळणार, सगळे एक वर्तुळ पुढे. टेडीचं धिरडं अर्थात बाबा खायचा. सुरुवातीला दादूच्या पुढे फक्त टेडी ठेवायचो, म्हणजे एकच धिरडं थांबायचं, दीड-दोन मिनिटं. मग दोन जण. मग तीन. तिसऱ्यापाशी आम्ही पाच आठवडे अडकलो होतो, आणि पाच आठवडे रोज धिरडी खाल्ली की माणूस कसा होतो हे मी वेगळं लिहीन कधीतरी.

मध्ये एक मोठी चूक केली ती सांगायलाच हवी कारण सगळेच ती करतात. टायमर. मी ऑनलाइन एक मस्त टायमर मागवला, लाल चकती हळूहळू कमी होत जाते तो. घरी अभ्यासाला, दात घासायला उत्तम चालला, म्हणून तोच घेऊन किराणा दुकानात गेले, पाच मिनिटं लावली. टायमर वाजला आणि आमच्या पुढे अजून दोन माणसं. झालं. आधी कधी बघितला नव्हता एवढा मोठा मेल्टडाउन, म्हणजे सगळं असह्य होऊन होतो तो उद्रेक, त्या दुकानाच्या पायरीवर झाला. दोष टायमरचा नव्हता. टायमर म्हणजे मी त्याला दिलेला शब्द होता, आणि पुढच्या आजोबांना सुट्टे पैसे सापडायला किती वेळ लागेल हे माझ्या हातात कुठे होतं? रांग मिनिटांवर चालतच नाही, माणसांवर चालते. तेव्हापासून बाहेर टायमर बंद. त्याऐवजी एक पट्टी केली, जुन्या पुठ्ठ्याची, वर वेल्क्रो, त्यावर पावलांची छोटी चित्रं. पुढे जितकी माणसं तितकी पावलं लावायची, एक माणूस गेला की एक पाऊल काढून खिशात. पावलं संपली की आपला नंबर. पट्टीच्या टोकाला काय मिळणार त्याचं चित्र. इतकंच. पाच वर्षांत आम्ही अशा अकरा पट्ट्या वापरून फाडल्यात.

बाहेरची पहिली खरी शाळा म्हणजे पिठाची गिरणी. घरात घरघंटी आहे, पण सासूबाईंना त्या पिठाच्या भाकऱ्या थापताना फाटतात असं वाटतं, त्यामुळे आमचं दळण अजून गिरणीतच जातं. आणि गिरणीतली रांग जगात सगळ्यात चांगली असते कारण तिथे माणसं उभी नसतात, डबे असतात! ओळीने ठेवलेले स्टीलचे डबे, पत्र्याचे डबे, एखादी पिशवी, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. डबा उचलला गेला की मागचा पायाने सरकवायचा. दादूला तर स्वर्ग. आवाजाचा प्रश्न होता, गिरणीचा पट्टा फिरायला लागला की जमीन हादरते, त्यासाठी कानावर मोठे मफ घातले, कारखान्यात घालतात तसले, हार्डवेअरच्या दुकानात मिळाले. पहिले चार वेळा आम्ही फक्त दारापर्यंत गेलो, डबा ठेवला आणि परत. पाचव्यांदा आत. आमच्या आधी तीन डबे होते. दादू उकिडवा बसून डब्यांवर नजर ठेवून. आमचा डबा उचलला गेला तेव्हा त्याने दोन्ही हात फडफडवले, आणि पीठ पडायला लागल्यावर गिरणीच्या काकांनी त्याचा हात धरून कापडी नळीखाली नेला, गरम गरम पीठ तळव्यावर. तो तसाच उभा राहिला, डोळे मिटून. तेव्हापासून दर शनिवारी दळण. घरात पीठ असलं तरी दळण. मी शेजारणींची दळणं गोळा करून नेलेली आहेत, खोटं कशाला सांगू.

गिरणीत एक भानगड होती. तिथे नंबर सरळ चालत नाही. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी. काका गव्हाचे सगळे डबे काढून घेतात आणि मग ज्वारी-बाजरी लावतात, त्यामुळे कधी कधी मागचा गव्हाचा डबा आमच्या ज्वारीच्या डब्याच्या आधी जायचा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पण काकांनी, आणि काकांनी कुठलं थेरपीचं शिक्षण घेतलेलं नाही, सरळ डब्याचं झाकण उघडून त्याला आतलं दाखवलं. “हे बघ, गहू. हे तुझं, ज्वारी. ज्वारीची रांग वेगळी.” दादूने दोन्ही डब्यांत हात घालून बघितलं. आणि पटलं त्याला. पुढच्या शनिवारी स्वतःच ज्वारीचे डबे एका बाजूला लावायला लागला. ही ज्वारी पुढे आमच्या किती कामाला येणार होती याची तेव्हा कल्पना नव्हती.

बाकी ठिकाणांचं पटपट सांगते. टोकन असेल तिथे आम्ही जिंकलो. पाच वर्षं झाल्यावर आधारसाठी बोटांचे ठसे, डोळे, फोटो सगळं नव्याने द्यावं लागतं, ते आमचं लॉकडाऊनमुळे लांबलं होतं, तिथे टोकन मिळालं आणि भिंतीवर लाल आकडे. एक तास बसला. ठसे देताना मात्र बोटं एका जागी थांबेनात, ऑपरेटर मुलगी गुणाची, तिने त्याला आधी माझे ठसे घेण्याचं नाटक करून दाखवलं. याउलट जिथे रांगच नसते, नुसती काउंटरभोवती माणसं आणि प्रत्येकाचा हात पुढे, तिथे आम्ही हरलो आणि आता लढतही नाही. मेडिकलचं दुकान, लग्नातला बुफे, संध्याकाळची पाणीपुरीची गाडी. तिथे पावलं लावायची तरी कशी? मेडिकलवाल्याला फोन करून औषधं काढून ठेवायला सांगते, पाणीपुरी दुपारी चारला, गाडी लागल्या लागल्या. लग्नाला जेवणाच्या पहिल्या दहा मिनिटांत नाहीतर डबा घेऊन.

आणि एक गोष्ट, ही कृपा करून सगळ्यांनी करा. घरातून निघताना दारात रोज त्याचा एक फोटो काढते, त्या दिवशीच्या कपड्यांत, चपलांसकट. गर्दीत मूल हरवलं की आईला शर्टाचा रंग आठवत नाही. मला नव्हता आठवला. तुळशीबागेत सात मिनिटं दादू दिसत नव्हता आणि मी हवालदारांना निळा सांगत होते, शर्ट पिवळा होता. त्याच्या हातात आता पट्टा असतो, त्यावर आमचे दोन फोन नंबर आणि “मी बोलत नाही, या नंबरवर फोन करा.” नाव लिहीत नाही, नावाने हाक मारली की तो कुणाबरोबरही जाईल.

लोकांचं काय, हे सगळ्यात जास्त विचारतात. परदेशात म्हणे सूर्यफुलांचं चित्र असलेली हिरवी दोरी गळ्यात घालतात, न दिसणारं अपंगत्व आहे हे कळावं म्हणून, लंडनच्या गॅटविक विमानतळावर २०१६ मध्ये सुरू झालं आणि तिथून पसरलं. छान आहे. पण ती घालून मी मंडईत गेले तर लोक विचारतील कुठल्या कंपनीचं आयकार्ड. मी एकच वाक्य पाठ केलंय, मोठ्या आवाजात, हसून: “याला ऑटिझम आहे, कुणाला मारत नाही, दोन मिनिटं जागा द्या.” पूर्वी मी समजावून सांगत बसायचे, त्यात दादूकडे लक्ष राहायचं नाही. लोक वाईट नसतात हो, फक्त त्यांना काहीतरी बोलायचंच असतं. म्हणजे मतिमंद का? बोलेल ना पुढे? त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून या. एका आजोबांनी तर वेखंड उगाळून चाटवायला सांगितलं, आणि मग तेच आजोबा उन्हात आमच्यासाठी छत्री धरून उभे राहिले. आता अशा माणसाला काय म्हणणार.

आता अपंगत्वाचं सर्टिफिकेट. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, त्यात ऑटिझमचं नावच नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस झाले आणि त्यात आला. त्यासाठी आधी स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन नोंदणी, मग सरकारी हॉस्पिटलात तपासणी, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. तपासणीत ‘इसा’ नावाची चाळीस मुद्द्यांची भारतीय प्रश्नावली असते, प्रत्येक मुद्द्याला एक ते पाच गुण. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात, ज्या मुलाला रांगेत थांबता येत नाही हे सिद्ध करायचंय त्याला आधी तीन तास रांगेत थांबवायचं, तेही बाकड्यांच्या एका अरुंद बोळात, जिथे सगळीच मुलं तशीच. एक ओरडलं की दुसरं कान झाकतं, तिसरं पळतं. कुठलं हॉस्पिटल ते सोडा, सगळीकडे थोडंफार हेच ऐकलंय. पहिल्या खेपेला आम्ही दीड तासात परत आलो, काम न होता. दुसऱ्या खेपेला शहाणे होऊन गेलो. मी रांगेत, दादू आणि बाबा बाहेर पार्किंगमध्ये स्कूटर मोजत. पुढे तीन जण उरले की मी मिस्ड कॉल देणार, मग ते आत येणार आणि पट्टीवर फक्त तीन पावलं. त्याआधीच्या रविवारी तपासणी बंद असताना जाऊन दार, जिना, बाक, सगळ्याचे फोटो काढून आणले होते आणि आठवडाभर रोज रात्री दाखवले होते. तरी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरचा स्टेपलर त्याने तेवढ्या वेळात बत्तीस वेळा दाबला. बाई म्हणाल्या दाबू दे. कार्ड पोस्टाने आलं, पिवळं. मला वाटलं चला, आता रांगा संपल्या!

इथे पंढरपूर येतं.

सासूबाईंची फार दिवसांची इच्छा, नातवाला विठोबाच्या पायावर घालायचं. पायावर डोकं ठेवायची रांग फार मोठी, म्हणून मुखदर्शनाची धरायची असं ठरलं, लांबून दिसतो पण लवकर होतं. २०२३ चा फेब्रुवारी, साधा बुधवार, एकादशी नाही, सुट्टी नाही. दर्शनाच्या बारीत माणसं मोजून पावलं लावणं शक्यच नव्हतं, म्हणून आदल्या संध्याकाळी बाबा एकटा जाऊन दर्शन घेऊन आला आणि बारीला वळणं किती ते मोजून आला. सहा. पट्टीवर सहा पावलं, टोकाला विठोबाचं चित्र. सकाळी दादू कानावर मफ, एका हातात पट्टी, दुसऱ्या हाताने स्टीलचा बार चाचपत, मस्त चालला होता. पहिलं वळण, पाऊल खिशात. दुसरं वळण, पाऊल खिशात. मी आणि बाबा एकमेकांकडे बघून हसतोय.

तेवढ्यात बारीच्या बाहेरून गळ्यात ओळखपत्र घातलेल्या एका काकांचं लक्ष गेलं. विचारलं त्यांनी, मी कार्ड दाखवलं. “अहो ताई मग रांगेत कशाला उभ्या? या, या इकडून, लेकराला कशाला ताप,” म्हणत त्यांनी दोरी उचललीसुद्धा. इतकं प्रेमाने म्हणाले की मी नाही कशी म्हणणार, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं, का नाही, हक्कच आहे. आम्ही दोरीखालून बाहेर आलो, दहा पावलं पुढे गेलो, आणि दादू खाली बसला. पट्टी छातीशी धरून. “चार! चार!” चार पावलं शिल्लक होती ना. आम्ही त्याला सहा सांगून दोनवर विठोबा दाखवायला निघालो होतो. काका गोंधळले, “अरे बाळा, लवकर दर्शन होईल,” आणि तो कानावरचे मफ फेकून देतोय. हे सगळे नियम मीच त्याच्या डोक्यात एकेक धिरड्यागणिक घातलेले, आणि आता मीच त्याला घुसायला सांगत होते.

सासूबाई म्हणाल्या, “चल गं परत.” परत म्हणजे आमच्या आधीच्या जागेवर. मला वाटलं आता लोक ओरडणार. पण आमच्या मागे एक म्हातारं जोडपं होतं, कपाळाला बुक्का, बहुतेक मराठवाड्याकडचे, त्यांनी दोन माणसांएवढी जागा तशीच मोकळी ठेवली होती. “या माऊली, तुमची जागा हाय हितं.” दादू बारीत शिरला, बार धरला, पाच मिनिटांत शांत. चारही वळणं केली त्याने. विठोबासमोर आलो तेव्हा त्याने विठोबाकडे बघितलंच नाही, शेवटचं पाऊल काढून खिशात टाकलं आणि चालायला लागला. मला वाईट वाटलं सासूबाईंसाठी. त्या म्हणाल्या, “तो अठ्ठावीस युगं उभाय, त्याला कळतं थांबणं काय असतं ते.”

परतीच्या वाटेवर गाडीत आमचं भांडण झालं, माझं आणि बाबाचं. तो म्हणत होता त्याला आवडतंय ना रांगेत, मग राहू दे, कार्ड कपाटात ठेव. मी म्हणत होते, आज दोन तास जमलं, उद्या ताप असेल, ऊन असेल, आठ तासांची रांग असेल, तेव्हा? ज्याला सवलत आहे त्याला सवलत घेता यायला हवी. इंदापूरपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. मग मागून सासूबाई म्हणाल्या, “ज्वारी सांगा की त्याला.”

ज्वारी! म्हणजे रांग मोडलेली नाही, आपली रांग वेगळी. आपण गव्हात चुकून उभे होतो.

हे डोक्यात आलं तरी अंगात यायला सात महिने गेले. गिरणीच्या काकांना सांगितलं, त्यांनी लगेच सुरू केलं, आमच्या डब्यात गहू असला तरी मध्येच एखाद्या शनिवारी, “दादू, आज तू ज्वारी,” म्हणून आमचा डबा आधी घ्यायचे. पहिले दोन शनिवार रडारड, आणि त्याने डबा उघडून काकांना गहू काढून दाखवला, म्हणजे तो बरोबर आणि आम्ही खोटे! बरोबरच होतं त्याचं. मग आम्ही कार्डाचा उपयोग केला. यूडीआयडी कार्डाची रंगीत झेरॉक्स लॅमिनेट करून त्याच्या मागे ज्वारीचे पाच दाणे चिकटवले, फेविकॉलने. ते कार्ड दाखवलं की ज्वारी, कार्ड खिशात असेल तर गहू. म्हणजे डब्यात काय आहे याचा प्रश्न मिटला, हातात काय आहे त्यावर ठरणार. पट्टीलाही बदल केला, एक पिवळं पाऊल. ते लावलं असेल तर उरलेली सगळी पावलं एकदम काढून खिशात टाकता येतात, आणि ती त्यानेच काढायची, मी नाही. ही शेवटची अट ओटीच्या ताईंची, आणि माझ्या मते सगळं त्यावरच फिरलं. पंढरपुरात उरलेली पावलं त्याच्या हातात तशीच राहिली होती.

सप्टेंबरात बाबाच्या पायाला प्लास्टर होतं तेव्हा एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनवरच्या मुलीने आम्हाला आधी बोलावलं. मी श्वास धरून होते. दादूने कार्ड काढलं, उलटं केलं, दाण्यांवरून बोट फिरवलं, पट्टीवरची पाचही पावलं ओरबाडून खिशात घातली आणि त्या मुलीला म्हणाला, “ज्वारी.” ती म्हणाली, “काय?” तो म्हणाला, “ज्वारी!” आणि आत गेला. बाबा कुबड्यांवर मागे राहिला. कार्ड दादूचं होतं, बाबाचं नव्हतं, त्यामुळे त्याला आत येऊ देईना, “बाबा गहू.” पेशंट बाबा होता.

गेल्या महिन्यात गिरणीत एका बाईंनी घाईघाईत त्यांचा डबा सरकवून दोन डबे पुढे ठेवला आणि फोनवर बोलायला बाहेर गेल्या. दादूने उठून झाकण उघडलं, आत बघितलं, गहू. पुढचा उघडला, तोही गहू. मग तो डबा दोन्ही हातांनी उचलून, पोटाशी धरून, परत जागेवर नेऊन ठेवला आणि झाकण घट्ट लावलं. बाई परत आल्या, बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी पिशवीची घडी घालत बसले.

फुलराणीला अजून परत गेलो नाहीये. दादू तयार आहे, सारसबागेवरून जाताना बोट दाखवतो. पट्टीच्या टोकाला लावायला गाडीचं चित्रसुद्धा बाबाने कापून ठेवलंय, फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे. माझंच होत नाहीये.